बाबांच्या पाठीला कान

मारांगू, ३ ऑगस्ट १९९६

प्रिय अनासिया आत्या,

शिकामू, पाया पडते. बसचा कंडक्टर हे पत्र कोरोग्वेला तुझ्या हॉटेलात आणून देईल. त्याला चहा पाज, नाहीतर पुढच्या खेपेला तो विसरेल.

बातमी अशी की बाबांनी अखेर मान हलवली. येत्या शुक्रवारी नॉर्वेचे चार पाहुणे किबोच्या शिखरावर जायला निघतायत. त्यांच्याबरोबर बाबा मुख्य वाटाड्या आणि मी दुय्यम. आधी मी ओझी वाहिली, मग किमारो आचाऱ्याच्या हाताखाली कांदे चिरले, आणि आता पहिल्यांदाच पाहुण्यांच्या रांगेत चालणार.

पण माझ्या मनात आहे ते याच्याही पुढचं आहे, आणि ते तुला एकटीला सांगते. या हंगामानंतर बाबा थांबणार. पाहुणे आणणाऱ्या कंपनीचे मालक त्यांना म्हणाले, "एलिनामी, तुझ्यानंतर कोण ते तूच सांग. तू म्हणशील तो." बाबांनी माझं नाव घ्यावं असं मला फार वाटतं. आपल्या गावात बाई मुख्य वाटाड्या झालेली नाही. हमालांची कुजबुज तर आत्ताच सुरू झाली आहे. तेशाकाका सगळ्या हमालांत वडील, ते तोंडावरच म्हणाले, "मांका, पोर चांगली आहेस तू. पण बाईच्या मागून डोंगर चढलो तर आमच्या बायका हसतील ना गं आम्हाला."

मी म्हटलं, "त्या आत्ताही हसतात, काका. तुम्हाला ऐकू कमी येतं."

बाबा ऐकत होते. हसले नाहीत, पण चहात साखर दोनदा घातली.

आत्या, त्यांना डोंगरावर चालताना तू एकदा पाहायला हवंस. इतके सावकाश चालतात की नवख्याला वाटावं, यांना घरीच राहायचंय. पण त्यांच्या मागे चालणाऱ्याला धाप लागत नाही. तरणेबांड वाटाडे आपल्या पाहुण्यांना घेऊन भराभर पुढे निघून जातात आणि दोन दिवसांनी तेच पाहुणे डोकं धरून खाली येताना भेटतात. बाबा तेव्हाही काही बोलत नाहीत, फक्त वाट देतात. मला असं चालता यायला हवं. बाकी कशाचा हेवा मला वाटत नाही.

तुझी,
मांका

*

कोरोग्वे, ६ ऑगस्ट

मांका पोरी,

कंडक्टरनं चहाबरोबर दोन खिम्याचे सांबुसेही हाणले. तुझं पत्र महागात पडलं म्हणायचं.

माझ्या धाकट्या भावाच्या चालीचं कौतुक तू मला सांगतेस? लहानपणी त्याला ओढ्यावर पाण्याला पाठवलं की घरात सगळ्यांची तहान मरून जायची. आई म्हणायची, हा स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचेल, आणि पोचलाच. आता त्याच चालीसाठी लोक समुद्र ओलांडून येतात. देवाच्या घरी काही वाया जात नाही बघ.

पण थट्टा पुरे. तो तुला नेतोय याचा अर्थ मला कळतो, तुलाही कळू दे. एलिनामी लाडापोटी कुणाला डोंगरावर नेत नाही. माझ्या धाकट्या मुलानं एवढ्या विनवण्या केल्या, त्याला जंगलाच्या वेशीवरून परत पाठवला होता. वर तो तुझा बाप नाही, वाटाड्या आहे. रुसून बसू नकोस, आणि त्याच्या पुढे पुढेही करू नकोस.

एक विचारते. ईस्टरला इथे आला होता तेव्हा खोकत होता. मी टोकलं तर म्हणाला, तुझ्या चुलीचा धूर. माझ्याकडे रॉकेलचा स्टोव्ह आहे, चूल मोडून किती वर्षं झाली. तू जरा लक्ष ठेव.

तुझी आत्या,
अनासिया

*

मारांगू, १८ ऑगस्ट

प्रिय आत्या,

आधी हे वाच, मग बाकीचं. बाबा घरी आहेत, जेवतायत, जिवाचा धोका टळला आहे. आता सगळं सांगते.

पहिले दोन दिवस अगदी झकास गेले. जंगलात चिखल होता, माकडं होती, पाहुणे खुशीत होते. त्यांच्यात इंगवार म्हणून एक मोठ्या मिशांचा बाप्या होता, त्याची बडबड थांबेना. मुक्कामाला पोचलं की बाबा रोज संध्याकाळी एकेका पाहुण्याला उभं करतात, त्याच्या पाठीला कान लावतात आणि श्वास घ्यायला सांगतात. फार उंचीवर काहींच्या छातीत पाणी भरतं, ते आधी कानाला कळतं आणि मग माणसाला. इंगवार म्हणाला, "माझी बायकोसुद्धा इतक्या प्रेमानं कान लावत नाही."

बाबा इंग्रजीत म्हणाले, "म्हणूनच तुमच्या आत काय चाललंय ते तिला कळत नसेल." चौघेही पोट धरून हसले.

होरोम्बोच्या मुक्कामावर, ढगांच्या वर, पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. किमारोच्या हातून सुपात मीठ जास्त पडलं आणि बाबा काहीच बोलले नाहीत. एरवी एवढ्यावर त्यांनी जेवण होईपर्यंत त्याची थट्टा केली असती. त्यांनीच मला शिकवलंय, ज्याची थट्टा थांबते त्याच्याकडे बघ. मी मनाला समजावलं, थकले असतील.

पुढचा दिवस खिंडीतल्या उघड्या माळाचा. मागे मावेन्झीचे सुळके, समोर किबो, मध्ये गवताची काडी नाही. बाबा पुढे, मी रांगेच्या शेवटी. सगळ्यांत हळू चालणारा माणूस आणखी हळू झाला तर कुणाला कळणार? मला कळलं. ती चाल लहानपणापासून माझ्या पायात बसली आहे. माझा पाय सारखा पुढच्याच्या टाचेवर पडायला लागला, तेव्हा मला कळलं की मी चुकत नाही, बाबा चुकतायत. आणि वारा आमच्याकडे वळला की खोकला ऐकू यायचा, ओला खोकला.

दुपारी किबोच्या पत्र्याच्या घरापाशी पोचलो. इथून पुढे फक्त शिखराची चढण. बाबांनी चारही पाठी तपासल्या. हमाल, किमारो, सगळे उन्हाला बसले होते. मी म्हटलं, "बाबा, आता तुमची पाठ."

"माझी कशाला?"

"वर जाणाऱ्या प्रत्येकाची तपासायची. नियम तुमचाच आहे."

"मी काय पाहुणा आहे का गं?"

किमारो हसला. मी त्यांच्या मागे गेले आणि जाकिटावरून कान लावला. कच्ची केळी शिजताना झाकणाखालून जी बुडबुड येते ना, तीच आत चालली होती. 

"तुम्ही खाली जायचं, बाबा. आत्ता."

"उद्या बघू."

"आत्ता."

"मांका, मी हा डोंगर चढत होतो तेव्हा तुझी आई माहेरी शेळ्या राखत होती."

तेशाकाका उठले. "पोरी, बाप आहे तो तुझा. निदान आत घेऊन जा आणि मग काय ते बोल."

आत न्यायला हवं होतं का? मी तेव्हापासून तोच विचार करतेय. पण आत नेलं असतं तर त्यांनी मला गुंडाळलं असतं, आणि मी गुंडाळली गेले असते. परत पाठवायच्या माणसाशी वाद घालायचा नाही, त्याची समजूत घालायची नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. त्याची पिशवी उचलायची आणि उताराकडे तोंड करून उभं राहायचं. त्याची कितीही वेळ उभं राहायची तयारी असेल, आपली जास्त हवी.

मी बाबांची पिशवी उचलली आणि उताराकडे तोंड करून उभी राहिले. माझ्या पाठीमागे त्यांचा श्वास ऐकू येत होता. खूप वेळानं ते माझ्या शेजारून निघून गेले. पिशवी घेतली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. तेशाकाका आणि आणखी एक हमाल पिशवी घेऊन त्यांच्यामागे धावले.

मग मध्यरात्री पाहुण्यांना वर मी नेलं, किमारोला मदतीला घेऊन. बाबांच्या चालीनं. इंगवारचं बोलणं कड्याच्या काठाशी बंद पडलं तेव्हा त्याची पिशवी उचलली आणि त्याला किमारोबरोबर खाली लावून दिलं. बाकी तिघे शिखरावर पोचले. सूर्य वर आला, बर्फाच्या भिंती गुलाबी झाल्या, आणि मी ढसाढसा रडले. पाहुण्यांना वाटलं आनंदानं. त्यांनी माझे फोटो काढले.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र वर काढली असती तर आलेच नसते. हे बाबांनी ऐकलं आहे. पण खाली आल्यापासून ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. केळीखाली खुर्ची टाकून बसतात. मी ताट ठेवलं की जेवतात. बाजारात बायका मला ऐकू जाईल इतक्या हळू बोलतात, "हीच ती. बापाला कुत्र्यासारखं हाकललं." मालकांनी घरी येऊन माझ्यासमोर विचारलं, "मग, तुझ्यानंतर कोण?" बाबा म्हणाले, "सांगेन."

आत्या, ते माझं नाव घेणार नाहीत. तेही मी सोसेन. पण ते बोलत का नाहीत?

मांका

*

कोरोग्वे, २२ ऑगस्ट

मांका,

तुझं पत्र वाचून मी हॉटेल बंद केलं आणि फळीवर बसून राहिले. गिऱ्हाइकं दार वाजवून गेली. पोरी, माझा एकुलता एक भाऊ आहे तो. तू नसतीस तर मी आज काळा कपडा नेसून बसमध्ये असते. तुझ्यासारखी मुलगी त्याच्या पोटी आली हे त्याचं भाग्य, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगेन.

आता दुसरं ऐक, रागावू नकोस. तुझं चुकलं नाही, पण त्याचा मान गेला. आचाऱ्यासमोर, हमालांसमोर. गावात बापाशी बोलताना आपण आवाज खाली ठेवतो, आणि तू तर त्याला पाठ दाखवून उभी राहिलीस. डोंगराचे नियम डोंगरावर. घरी आलीस की तू लेक आहेस. एलिनामी मनातून जळत असेल आणि सांगायला त्याला तोंड नसेल. पुरुषांचा राग असाच असतो, आत धुमसत राहतो.

यावर आपल्याकडे एकच उपाय. बागेच्या बांधावर, आजोबांच्या थडग्यापाशी इसालेची झुडपं आहेत. त्याचं एक लांब पान तोड, त्याला गाठ मार, कुणातरी वडीलधाऱ्याला बरोबर घे आणि बापासमोर जा. काही बोलावं लागत नाही. इसाले घेऊन आलेल्याला आपल्यात कुणी परत पाठवत नाही. भावाचा खून करणाऱ्यानं पान आणलं तेव्हा मोशीच्या रस्त्यावरच्या त्या घरानं तेसुद्धा घेतलं, हे तू ऐकलं असशील. मग तो का नाही घेणार? रविवारी जा, प्रार्थना झाल्यावर, चार लोक असताना. मान चार लोकांत गेला, तो चार लोकांतच परत द्यायचा.

नाव घेईल तुझं, बघ तू. आधी त्याला ताठ बसू दे.

आत्या

*

मारांगू, २६ ऑगस्ट

आत्या,

काल गेले होते. बाबांनी पान घेतलं नाही.

शेजारचे शायोकाका बरोबर होते. अंगणात म्हातारी मंडळी केळ्याची बिअर घेऊन बसली होती, तेशाकाकाही होते. मी दोन्ही हातांनी पान पुढे केलं. बाबांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले. शायोकाका म्हणाले, "एलिनामी, इसाले आहे." बाबांनी मान हलवली, नाही म्हणून. तोंड उघडलं, तर खोकला आला. मग उठून आत गेले आणि दार लावून घेतलं.

म्हातारे उठले. बिअरचा भोपळा अर्धा भरलेला होता, तसाच टाकून गेले. शायोकाका फाटकापाशी एवढंच म्हणाले, "असं कधी पाहिलं नव्हतं." पान माझ्या हातातच राहिलं. ते कुठे ठेवायचं असतं, आत्या? घेतलं न गेलेलं इसाले कुठे ठेवतात ते कुणालाच माहीत नाही. मी विचारलं चौघांना.

खरं सांगू? पान तोडताना माझा हात अडखळला होता. हे दिलं तर माझी चूक झाली असं होईल, आणि उद्या पुन्हा कुणाची पिशवी उचलताना मला हे पान आठवेल, असं मनात आलं होतं. तरी तोडलं. ते एकदा बोलावेत म्हणून मी तेवढंही द्यायला तयार होते. आणि त्यांनी ते घेतलं नाही.

आता मला इथे राहवत नाही. मालकांना सांगून टाकते, माझं नाव काढा. गुरुवारच्या बसनं तुझ्याकडे येते. मला कांदे चिरता येतात, ओझी उचलता येतात, तुझ्या हॉटेलात मी जड होणार नाही. बाबांची औषधं कशी द्यायची ते शायोकाकूला शिकवून ठेवते.

मांका

*

मारांगू, २७ ऑगस्ट

अनासिया,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. हा चष्मा तेशाचा आहे आणि तो समोर बसून घाई करतोय, तेव्हा अक्षर कसंही असेल.

पानाची अक्कल तुझी होती हे मी पान बघताक्षणी ओळखलं. तू लहानपणापासून न विचारता सगळ्यांची भांडणं मिटवत आलीस. हे भांडण नव्हतं.

माझ्या पाठीला तिनं कान लावला तेव्हा मला माहीत होतं आत काय आहे. होरोम्बोलाच कळलं होतं. मला एकदाच तिच्याबरोबर शिखरावर उभं राहायचं होतं, तेवढ्यासाठी मी गप्प बसलो. मी इतक्या लोकांना खाली पाठवलं, बिचाऱ्यांना किती राग येत असेल ते मला तेव्हा कळलं. किबोपासून खिंडीपर्यंत मी तिला मनात शिव्या देत उतरलो. होरोम्बो दिसायला लागलं तसा श्वास मोकळा झाला आणि शिव्या संपल्या. माळावर एका दगडावर बसलो, तेशाला वाटलं मी गेलो. मी रडत होतो. मी तिला पिशवी उचलायला शिकवलं होतं, पण माझी उचलायला कधी शिकवलं नव्हतं. ते तिचं ती शिकली.

मग खाली आल्यावर काय बोलायचं? शाबास म्हणू? माझा जीव वाचवलास म्हणू? चार शब्द जुळवायला बसलो की ती ताट घेऊन समोर यायची, आणि जुळवलेलं सांडून जायचं. असे दिवस गेले. ती समजली मी रागावलोय. सगळं गाव तेच समजलं. तूही.

आणि मग तिनं इसाले आणलं. अनासिया, मी ते घेतलं असतं तर गुन्हा झाला असं ठरलं असतं. मांकानं मुख्य वाटाड्याला खाली पाठवलं आणि मग पान घेऊन माफी मागितली, असं डोंगरावर प्रत्येक मुक्कामाला सांगितलं गेलं असतं. पुढच्या वेळी कुणी माझ्यासारखा हट्टी तिच्यासमोर उभा राहिला असता तर तिचा हात पिशवीपर्यंत गेला नसता, आणि तो माणूस वरच राहिला असता. म्हाताऱ्यांनी मला सांगून झालंय की इसाले नाकारणाऱ्याचं भलं होत नाही. नको होऊ दे. माझं व्हायचं तेवढं भलं झालंय. दोष लागायचा तर मला लागू दे, तिला पान लागायला नको.

आज सकाळी मालक आले, हमालांनाही बोलावून घेतलं होतं. मालक म्हणाले, आता तरी सांग. मी मांकाचं नाव घेतलं. एक-दोघांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, "मी आयुष्यात एकाच माणसाच्या सांगण्यावरून डोंगर अर्ध्यात सोडून उतरलो. तुम्हाला तिच्या सांगण्यावरून चढायला काय होतंय?" मग तेशा उठला आणि म्हणाला, पुढच्या खेपेला माझं नाव तिच्या हमालांत पहिलं लिहा, बायको हसली तर हसली. हे त्यानं मला मुद्दाम लिहायला लावलंय.

ती तेव्हा बाजारात गेली होती, गुरुवारच्या बसचं तिकीट काढायला. तिला अजून काही माहीत नाही. तिला तुझ्याकडे जागा देऊ नकोस. आणि हे सगळं तूच तिला कळव, उद्याच्या बसनं. काल मी सांगायला उठलो होतो, पण मी सांगायला लागलो की मला खोकला येतो. खोकला आला की ती एक शब्द न बोलता औषधाची बाटली पुढे करते आणि मला झोपायला पाठवते. आणि मी जातो.

तुझा भाऊ,
एलिनामी